टोपली विणणारे हात आहेत, पण झाड कुणाचे?

दर ऑक्टोबरमध्ये हॅलिफॅक्सच्या आमच्या मराठी गोतावळ्यात एक वाद ठरल्यासारखा उभा राहतो. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात १ ऑक्टोबर हा तहाचा दिवस म्हणून पाळतात आणि तो सगळा महिना इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे मिकमाक लोकांच्या इतिहासाला दिलेला असतो. मुलांच्या शाळांत आणि वाचनालयांत कारागीर येतात, टोपली विणून दाखवतात, बर्चच्या सालीवर साळिंदराच्या काट्यांचे भरतकाम करून दाखवतात. यंदा कोजागिरीचे दूध आटत होते तेव्हा एका मैत्रिणीने विकत आणलेली अशीच एक टोपली सगळ्यांच्या हातांतून फिरवली. ‘‘या लोकांचं निसर्गाशी नातंच वेगळं. काही म्हणून वाया घालवत नाहीत. आपण हावरट झालो,’’ असे कोणीतरी म्हणाले. त्यावर दुसऱ्याचे लगेच उत्तर, ‘‘अहो, पर्याय काय होता त्यांना? लोखंड मिळालं त्या दिवशी दगड टाकून दिला. नाइलाजाला आपण उगाच संस्कृती म्हणतो.’’ मग दूध प्यायची वेळ टळून गेली तरी वाद मिटला नाही.

मी त्या रात्री फारशी बोलले नाही, कारण मला दोन्ही बाजू एकाच ठिकाणी चुकत आहेत असे वाटत होते आणि ते ठिकाण मला तेव्हा नीट सांगता आले नसते. एक बाजू कौशल्याला स्वभाव समजते, दुसरी त्याला नाइलाज समजते. दोन्हींमध्ये कारागिराची अक्कल गायब आहे. पक्षी घरटे बांधतो तशी ही माणसे टोपली बांधतात, एवढाच दोन्हींचा अर्थ निघतो. एकाला ते घरटे गोड वाटते, दुसऱ्याला गरिबीचे. माझे म्हणणे असे आहे की कारागिरी म्हणजे एखाद्या झाडाबद्दल, एखाद्या जनावराबद्दल पिढ्यान्‌पिढ्या तपासून घेतलेले ज्ञान आणि त्याच्याबरोबर त्या झाडापर्यंत, त्या जनावरापर्यंत जाण्याचा हक्क. हक्क काढून घेतला की ज्ञान दोन पिढ्यांत वाळते. म्हणून मिकमाक हस्तकलेचे पुढे काय होणार, याचे उत्तर त्यांच्या सद्गुणांत शोधून सापडणार नाही. ते जंगलात जायची मुभा कोणाला आहे, यात सापडेल.

आधी ज्ञानाचे पाहू, कारण तिथेच आपण फार घाईने पुढे जातो. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मिकमाक बाईंनी मला त्यांच्या मामांच्या शेडमध्ये नेले होते. मामा टोपल्यांसाठी पाणथळीतल्या एका झाडाचा, म्हणजे ब्लॅक अ‍ॅशचा ओंडका ठोकत होते. साल काढलेला साधारण पुरुषभर उंचीचा ओंडका आडवा ठेवलेला, आणि कुऱ्हाडीच्या पाठीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटभरही जागा न सोडता, एकसारखे घाव. मला वाटले होते लाकूड फुटेल. फुटले नाही. बराच वेळ ठोकल्यावर टोकाशी एक कड किंचित उचलली गेली, मामांनी ती चिमटीत धरून ओढली, आणि ओंडक्याच्या लांबीची एक पट्टी केळीच्या सोपटासारखी सुटून आली. ती पट्टी म्हणजे त्या झाडाचे एक वर्ष. या झाडात वसंतात तयार होणाऱ्या लाकडात मोठमोठ्या पोकळ नळ्या असतात आणि उन्हाळ्यातले लाकूड घट्ट असते. ठोकल्यावर वसंताचा थर चिरडतो आणि दोन वर्षे एकमेकांपासून मोकळी होतात. बाकीची झाडे अशी सहजासहजी सुटत नाहीत. मग मामांनी पट्टीच्या टोकाला सुरीने जाडीतच एक खाच दिली, पट्टी गुडघ्यांत धरली आणि दोन्ही हातांनी सारख्या जोराने बाजूला ओढत तिची दोन पातळ पाती केली. एक हात जरा जरी जास्त ओढला तरी पाते मध्येच तुटते. बाहेरची बाजू खरखरीत आणि आतली, जी अजून कोणी पाहिलेली नव्हती, ती रेशमासारखी. माझ्या हातात ती ओली, गार पट्टी होती आणि मला आठवत होता आमच्या गावचा बुरूड, जो बांबूची कांब चिरताना असाच मधूनच थांबून, हाताच्या अंदाजाने पुढे जायचा.

आता सांगा, हा स्वभाव आहे की नाइलाज? दलदलीच्या कडेला उभ्या असलेल्या डझनभर झाडांतले कोणते निवडायचे, हे मामा बुंधा किती सरळ आहे, गाठी किती वर आहेत, वर्षाची वाढ किती जाड आहे यावरून ठरवतात. फार हळू वाढलेले झाड पातळ, कमजोर पट्टी देते. म्हणजे ठोकण्याच्या आधीच अर्धे काम संपलेले असते, आणि ते काम जंगलात होते, शेडमध्ये नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावरच सगळे येणार आहे.

बर्चचे तर आपल्याला जवळचे वाटायला हवे. आपण ज्याला भूर्जपत्र म्हणतो ते हिमालयातल्या एका बर्चचेच. त्याच कुळातले, त्याच प्रजातीसमूहातले पांढरे बर्च इथे उगवते. आपल्या पूर्वजांनी त्या सालीवर पोथ्या लिहिल्या. मिकमाक लोकांनी तिचे घर केले, भांडे केले, पाळणा केला, मूस या मोठ्या हरणाला साद घालायचा कर्णा केला आणि समुद्रात जाणारी नाव केली. लिहिलेसुद्धा: १६७० च्या दशकात गास्पे भागात आलेल्या क्रेतियँ ल क्लेर्क या फ्रेंच मिशनऱ्याने मुलांना सालीवर कोळशाने खुणा करत धडे लक्षात ठेवताना पाहिले आणि त्या खुणांवरून त्याने प्रार्थना शिकवण्याची चित्रलिपी वाढवली. नावेची रचना पाहिली तर थक्क व्हायला होते. साल बाहेरून, आतून सिडारच्या पातळ फळ्या आणि वाकवलेल्या बरगड्या, शिवण स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या चिरलेल्या मुळांची, आणि सांध्यांवर स्प्रूसचा डिंक, त्यात थंडीत तडकू नये म्हणून कालवलेली चरबी. मिकमाक नावेची कड मध्यभागी मुद्दाम उंच ठेवलेली असते, कारण ही माणसे नदीवर थांबली नाहीत. केप ब्रेटनहून न्यूफाउंडलंडपर्यंत समुद्र ओलांडत होती. आडव्या लाटेचे पाणी मध्यावर आत येते, हे ज्याने अनुभवले त्यानेच ती कड उचलली. एका माणसाला खांद्यावर उचलता येईल इतकी हलकी आणि वाटेत फाटली तर शेजारच्या झाडावरून दुरुस्तीचे सामान मिळेल अशी ती नाव होती.

साळिंदराचे काटेही असेच. इथले साळिंदर आपल्या सह्याद्रीतल्या साळिंदरापेक्षा वेगळ्या कुळातले. त्याचे काटे लहान, बारीक, आतून भुसभुशीत आणि टोकाला उलट्या दातऱ्यांचे. एका जनावराच्या अंगावर सुमारे तीस हजार. ते रंगवून, ओले करून मऊ करतात, आरीने सालीला भोक पाडतात, काटा घालून आतल्या बाजूने दुमडतात. सालीचे भोक काट्याभोवती आवळून बसते. गाठ नाही, डिंक नाही. काटा, साल आणि ओलावा यांच्या स्वभावावर सगळी भिस्त.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे घेऊ, आणि त्यातले जे बळकट आहे ते प्रामाणिकपणे घेऊ. पहिला मुद्दा तांब्याच्या भांड्याचा. निकोला देनी हा फ्रेंच व्यापारी या किनाऱ्यावर अनेक वर्षे राहिला आणि त्याने १६७२ साली आपले वर्णन छापले. त्यात त्याने मिकमाकांच्या जुन्या लाकडी कढयांबद्दल लिहिले आहे. आडव्या पडलेल्या मोठ्या खोडाला आगीने आणि दगडी हत्याराने पोखरून त्या करत, पाण्यात तापवलेले दगड टाकून मांस शिजवत. कढई हलवता येत नसे, म्हणून बिऱ्हाड कढईच्या आसपास हिंडे. युरोपियनांकडून तांब्याचे भांडे मिळाले आणि ते या लोकांना सगळ्यांत मोलाचे वाटले, असे तो सांगतो. खरेच असणार. कोणाला वाटणार नाही? दुसरा मुद्दा व्यापाराचा. जुलै १५३४ मध्ये जाक कार्तिए शालर उपसागरात आला तेव्हा मिकमाक लोक काठ्यांवर कातडी उंच धरून त्याला व्यापारासाठी बोलावत होते. म्हणजे अस्पर्श, निरागस वगैरे काही नव्हते. ते सराईत देवघेव करणारे होते. तिसरा मुद्दा बीव्हर या दाट फरच्या पाणप्राण्याचा, आणि हा सगळ्यांत टोचणारा. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत फर-व्यापारासाठी बीव्हर ठिकठिकाणी मारून संपवले गेले आणि त्या शिकारीत मूळ रहिवाशांचा हात होताच. चौथा मुद्दा रंगांचा: १८५६ साली पहिला कृत्रिम रंग निघाला आणि थोड्याच वर्षांत काट्यांनी मढवलेल्या सालीच्या डब्यांवर झगझगीत जांभळे आणि गुलाबी दिसू लागले. मुळांपासून काढलेला पिवळा आणि लाल मागे पडला. आणि हे डबे, खुर्च्यांच्या बैठका, पाळणे मिकमाक घरांसाठी बनतच नव्हते, ते गोऱ्या लोकांच्या दिवाणखान्यांसाठी होते. ख्रिस्तियान मॉरिस या नामवंत कारागीर बाईंनी १८६८ च्या सुमारास काट्यांचे काम केलेला पाळणा आजही ब्रिजवॉटरच्या संग्रहालयात आहे. तो विकण्यासाठीच केलेला.

हे सगळे मान्य. पण यातून सिद्ध काय होते? तांब्याचे भांडे घेतले म्हणून सालीची नाव सोडली का? नाही सोडली, कारण त्या पाण्यावर तिच्यासारखी नाव युरोपियनांकडे नव्हती. उलट तेच तिच्यात बसून फिरले. ज्याने भांडे स्वीकारले आणि नाव ठेवली, त्याने तुलना केली, निवड केली. नाइलाजाने जगणारा माणूस निवडत नाही. आणि जांभळ्या रंगाबद्दल तक्रार करणाऱ्यांना मी विचारते: पैठणीत आता रासायनिक रंग आहे म्हणून ती पैठणी राहिली नाही, असे आपण म्हणतो का? आपल्या आज्यांनी शिवणयंत्र घेतले तेव्हा गोधडी खोटी झाली का? बदलण्याचा अधिकार आपण स्वतःला न मागता देतो, आणि मूळ रहिवाशांनी मात्र युरोपियन गलबत दिसले त्या दिवशी जिथे होते तिथेच थांबावे अशी अपेक्षा करतो. थांबले तर मागासलेले, पुढे गेले तर अस्सल नाहीत. या सापळ्यातून सुटायला जागाच ठेवलेली नाही.

बीव्हरचे उत्तर इतके सोपे नाही आणि मी ते सोपे करणार नाही. मिकमाक भाषेत ‘नेतुकुलिम्क’ असा शब्द आहे. आपल्या आणि येणाऱ्या पिढ्यांच्या गरजेपुरते घेणे, घेतलेले वाया न घालवणे आणि घेताना देणेही लागतो हे लक्षात ठेवणे, असा त्याचा आवाका. माझे ‘निसर्गाशी एकरूप’वाले मित्र या शब्दाचा अर्थ रक्तातला गुण असा लावतात. तसे असते तर बीव्हर संपले नसते. नेतुकुलिम्क हा नियम आहे, आणि कोणताही नियम पाळण्यासाठी तो लागू करणारी सत्ता लागते. कोणी कुठे शिकार करावी, किती करावी हे ठरवणारे मेळे आणि वडीलधारे लागतात. युरोपात बीव्हरच्या टोप्यांची फॅशन, किनाऱ्यावर एकमेकांशी लढणारे दोन साम्राज्यांचे व्यापारी, आणि नव्या रोगांनी लोकसंख्येची झालेली दैना, यांत ती सत्ताच खिळखिळी झाली. देवराई आपल्याकडे कोकणात टिकली ती माणसे जन्मतः सात्त्विक होती म्हणून नव्हे. गावाचा धाक होता, आणि गावाचा शब्द राईच्या हद्दीत चालत होता. जिथे तो शब्द चालेनासा झाला तिथे राईही गेली. बीव्हरची गोष्ट माझ्या विरोधात जात नाही. हक्क आणि ज्ञान एकमेकांपासून तोडले की काय होते, तेच ती सांगते.

आणि तोडण्याचे काम पुढे किती पद्धतशीर झाले! ‘नव्या पिढीला रस नाही’ हे वाक्य मला इथेही ऐकू येते आणि महाराष्ट्रातही. इथे ते म्हणणाऱ्याने दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. १९३० ते १९६७ या काळात शुबेनाकडी इथे निवासी शाळा चालली. मिकमाक मुलांना आईबापांपासून काढून तिथे ठेवत आणि मातृभाषा बोलली म्हणून मारत. ओंडका कसा निवडायचा हे ज्या वयात मामाच्या मागे हिंडून कळते, नेमके ते वय त्या भिंतींआड गेले. दुसरी तारीख १९४२: सरकारने विखुरलेल्या मिकमाक वस्त्या मोडून सगळ्यांना एस्कासोनी आणि शुबेनाकडी या दोन ठिकाणी गोळा करायची योजना काढली. घर देऊ, काम देऊ असे सांगून लोकांना त्यांच्या ओळखीच्या पाणथळींपासून, त्यांच्या अ‍ॅशच्या आणि बर्चच्या झाडांपासून उचलले. टोपलीवाला दोनशे किलोमीटर पलीकडे नेऊन ठेवल्यावर तो टोपलीवाला राहतो का?

बाजार नव्हता म्हणून कला मेली, हेही खरे नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बटाट्याच्या शेतांवर वर्षानुवर्षे मिकमाक टोपल्याही भरल्या जात होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला डार्टमथची स्टार कंपनी ‘मिकमॅक’ या नावाने आइस हॉकीच्या काठ्या विकत होती. मिकमाक कारागीर मुळाजवळ नैसर्गिकरीत्या वाकलेले कठीण लाकूड शोधून एकसंध काठी घडवत, म्हणून ती तुटत नसे. ज्या खेळावर हा देश जीव टाकतो त्याची काठी कुणी घडवली हे इथल्या मुलांनाही फारसे माहीत नसते. टोबॉगन हा बर्फावरच्या घसरगाडीसाठी जगभर रूढ झालेला शब्दही या भाषेतून आलेला, असे मानतात. गिऱ्हाईक होते, हात होते. कमी पडत गेले ते लाकूड आणि ते आणायची मुभा.

इथे कायद्याकडे यावेच लागते. अठराव्या शतकात ब्रिटिशांनी मिकमाकांशी जे शांतता आणि मैत्रीचे तह केले, त्यांत जमीन सोडून दिल्याचे कलम नाही. तरीही १९२८ साली, मस्करॅट या लहान पाणप्राण्याची कातडी बाळगल्याबद्दल पकडलेले मिकमाकांचे ग्रँड चीफ, म्हणजे सर्वोच्च प्रमुख, गॅब्रिएल सिलिबॉय न्यायालयात १७५२ च्या तहाचा आधार मागत उभे राहिले, तेव्हा असल्या असंस्कृत लोकांना तह करण्याची पात्रताच नव्हती अशा अर्थाचा निकाल त्यांना ऐकावा लागला. प्रांताने त्यांना माफी दिली ती २०१७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी दशकांनी. १९९९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉनल्ड मार्शल या मिकमाक माणसाचा ४६३ पौंड ईल मासे पकडून ७८७ डॉलर १० सेंटला विकण्याचा हक्क मान्य केला. तहाप्रमाणे त्याला ‘माफक उपजीविके’पुरते विकता येते, असे सांगितले. पण लाकडाचा प्रश्न आला तेव्हा हात आखडला. २००५ साली त्याच न्यायालयाने तहातून व्यापारी लाकूडतोडीचा हक्क निघत नाही असे ठरवले. आणि डिसेंबर २००६ मध्ये एक असा निकाल दिला जो मला एकाच वेळी फार मोठा आणि फार अपुरा वाटतो.

त्या खटल्यात डॅरेल ग्रे या मिकमाक माणसावर सरकारी जंगलातले मेपल तोडल्याचा आरोप होता. त्याला त्यातून फर्निचर करायचे होते. न्यायालयाने त्याला सोडले, आणि सोडताना एक शहाणपणाची गोष्ट सांगितली: पूर्वजांनी झोपडीसाठी लाकूड घेतले म्हणून आज त्यांना फक्त झोपडीच बांधता येईल असे नाही, हक्क काळाबरोबर वाढतो, आजचे घरही त्यात बसते. आमच्या कोजागिरीच्या वादातला ‘अस्सल की नकली’ हा भाग न्यायाधीशांनी तिथेच निकालात काढला होता. पण पुढे एक रेघ ओढली. हे लाकूड घरच्या वापरासाठीच; ते विकता येणार नाही, त्याची अदलाबदल करून पैसा उभा करता येणार नाही, अगदी त्या पैशातून घर बांधायचे असले तरी नाही. ईल विकता येतो आणि लाकूड विकता येत नाही. मग या रेघेवर टोपली कुठे बसते? काट्यांचा डबा, हॉकीची काठी, खुर्चीची बैठक, यांचा सगळा इतिहास विक्रीचा आहे. घरगुती वापर एका बाजूला आणि धंदा दुसऱ्या बाजूला, ही वाटणी कारागिराच्या आयुष्यात कधी नव्हतीच. अर्धी टोपली घरी आणि अर्धी बाजारात, यावरच तो जगला. ज्याला विकायला परवानगी नाही तो आठवडाभर ओंडका कशाच्या जोरावर ठोकेल?

यावर पर्यावरणवाद्यांचा आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो, कारण ते लोक झाडावर खरेच प्रेम करतात. ते म्हणतात, ब्लॅक अ‍ॅश आता धोक्यात आहे. नोव्हा स्कॉशियाने २०१३ साली त्याला संकटग्रस्त यादीत घातले आहे. त्यात हिरवा पोखरकिडा आला. आशियातून, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून, तो अमेरिकेत पोचला, २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात सापडला आणि २०१८ साली आमच्या हॅलिफॅक्समध्ये. त्याची अळी सालीखालचा अन्न वाहणारा थर पोखरते आणि झाड काही वर्षांत उभ्याउभ्या वाळते. अशा वेळी तोडीच्या हक्काची भाषा कशी करता? उरलेली झाडे जपायला नकोत का?

जपायलाच हवीत. पण ही झाडे टोपल्यांनी संपवलेली नाहीत. पाणथळी बुजल्या, जंगले सरसकट तोडून त्यांचा लगदा झाला, आणि शेवटचा घाव घातला तो महासागर ओलांडून आलेल्या खोक्यातल्या किड्याने. टोपलीवाला वर्षाला एखाददुसरे झाड नेतो आणि ते नेण्यासाठी दलदलीतली सगळी झाडे ओळखीची ठेवतो. कुठे बी धरले आहे, कुठे साल फुगली आहे, कुठले झाड शेजारी मरूनही हिरवे राहिले आहे, हे आधी त्याला दिसते. त्याला बाहेर ठेवून झाड वाचवणे म्हणजे शेताची राखण करायला शेतकऱ्याला गावाबाहेर काढणे. ढाक्याच्या मलमलीची गोष्ट आपल्याला विणकरांच्या तोडलेल्या अंगठ्यांची म्हणून माहीत आहे. इतिहासकार ती जशीच्या तशी मानत नाहीत. पण त्या मलमलीचा फुटी कार्पास हा कापूसच मेघनेच्या काठावरून नाहीसा झाला, ही गोष्ट कोणाच्या तोंडी नाही. मागणी संपली, विणकर उठला, झुडूप लावायला कोणाला कारण उरले नाही. झाड आणि कारागीर एकमेकांना राखत असतात, एक हलला की दुसरा ढासळतो.

आणि हक्क दिल्यावर जंगल ओरबाडले जाते, ही भीती किती खरी, ते पाहायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. बांबू हे गवत असून १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवले होते. त्यामुळे गडचिरोलीतल्या माणसाने दारातल्या रानातला बांबू आणला तरी तो चोर ठरत होता, आणि कागद कारखान्याला मात्र तोच बांबू कराराने मिळत होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घेतला. तिथल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. मधली दोन वर्षे हक्क होता आणि विक्री नव्हती, म्हणजे हक्क कागदावर होता. डॅरेल ग्रे यांच्या निकालानंतरची अवस्था मला नेमकी त्या दोन वर्षांसारखी वाटते. मेंढ्याने जंगल विकून खाल्ले नाही. किती तोडायचे हे ग्रामसभा बसून ठरवू लागली. नेतुकुलिम्कला गोंडीत काय म्हणतात मला माहीत नाही, पण हे तेच होते.

संग्रहालयांचे मी ऋण मानते. मेलबर्नच्या संग्रहालयात शतकाहून अधिक काळ असलेला मिकमाक पोशाख २०२३ साली नोव्हा स्कॉशियातल्या मिलब्रुकला परत आला, तेव्हा त्यातला प्रत्येक टाका पाहायला आज शिवणाऱ्या बायकांना मिळाला, आणि हे लहान नाही. पण पोशाख परत आला तेव्हा भाषणे झाली. कारागिराला ओंडका परत मिळावा म्हणून कोणी भाषण करत नाही. ऑक्टोबरात त्याला बोलावतात, मानधन देतात, टाळ्या वाजवतात आणि नोव्हेंबरात त्याला दलदलीच्या तोंडाशी मालकाची पाटी दिसते. या प्रांतात जंगलाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे आणि मिकमाकांच्या राखीव जागा त्या मानाने चिमूटभर.

मामांच्या शेडमध्ये त्या दिवशी निघताना मी भिंतीवर टांगलेली पट्ट्यांची वेटोळी पाहिली. वाळवून ठेवलेली पट्टी वर्षानुवर्षे टिकते, पाण्यात भिजवली की पुन्हा वळते. ती वेटोळी त्यांच्या वडिलांनी ठोकलेल्या ओंडक्यांची होती आणि मामा ती जपून, एकेक करून वापरत होते. खिडकीत दह्याचे रिकामे डबे मांडलेले होते, त्यांत ब्लॅक अ‍ॅशची रोपे, करंगळीएवढी. हे बी दोन-दोन हिवाळे मातीत काढल्याशिवाय उगवत नाही, त्यामुळे त्या चार पानांमागे बरीच वाट पाहणे होते. ही कुठे लावणार, असे मी विचारले. त्यांनी दारातून बाहेर हात केला. त्यांचे अंगण उताराचे, कोरडे, खडीचे. अ‍ॅशला पाय ओले लागतात. ओली जमीन रस्त्याच्या पलीकडे दिसत होती, लव्हाळ्याने भरलेली, आणि ती दुसऱ्याच्या मालकीची होती.